अठरा ते बावीस

बारावीचा निकाल लागला की जळगाव-धुळ्याकडच्या कितीतरी घरांत एकच वाक्य ऐकू येतं: "आता खेळ पुरे, सीईटीचं बघ." बोलणारे आईवडील खेळाचे वैरी नसतात. त्यांनीच पोरीला पहाटे मैदानावर सोडलेलं असतं, स्पर्धांसाठी नाशिक-पुण्याच्या फेऱ्या मारलेल्या असतात. पण अठराव्या वर्षी हिशेब बदलतो, आणि तो बदलतो यात त्यांची काही चूक नाही. चूक आपल्या सगळ्यांची आहे. अठरा ते बावीस या चार वर्षांचा सगळा खर्च आणि सगळा धोका आपण एकट्या कुटुंबाच्या अंगावर टाकून मोकळे होतो.

टेनिसमध्ये हे फार उघडं दिसतं. कबड्डीपटूला पोलिसांचा, रेल्वेचा संघ मिळू शकतो. टेनिसपटूला सुरुवातीला कोणीच नसतं. व्यावसायिक टेनिसच्या सर्वांत खालच्या पायरीवरच्या स्पर्धेची बक्षीस रक्कम 15,000 डॉलर. आकडा मोठा वाटतो, पण तो सगळ्यांत वाटला जातो आणि एकेरीत पहिल्याच फेरीत हरणाऱ्याच्या हाती दोनशे डॉलरही पडत नाहीत. प्रवास, हॉटेल, रॅकेटचं गटिंग, सगळं पदरचं. चेंडू उचलायला बहुधा कोणी नसतं; आपणच जाळीपाशी वाकायचं, चेंडू खिशात घालायचा आणि पुन्हा सर्व्हिसला उभं राहायचं. सोबत प्रशिक्षक नेणं परवडत नाही. हरलं की त्याच संध्याकाळी पुढच्या गावचं तिकीट बघायचं.

टेनिसपटू ऋतुजा भोसलेचा रस्ता म्हणूनच नीट पाहावा. ती आपल्याच नाशिक विभागातल्या श्रीरामपूरची. ती अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकली, त्या विद्यापीठाच्या संघातून खेळली आणि मग पुन्हा व्यावसायिक स्पर्धांत उतरली. 30 सप्टेंबर 2023 रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्यात ती आणि रोहन बोपण्णा पहिला सेट 2-6 असा हरले, दुसरा 6-3 असा घेतला आणि निर्णायक टायब्रेक 10-4 ने जिंकून सुवर्णपदक आणलं. पुण्याचा अर्जुन कढेही अमेरिकेतल्याच ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाच्या संघातून पुढे आला. 2024 मध्ये रित्विक बोल्लीपल्लीसोबत त्याने अल्माटीत एटीपी दुहेरीचं विजेतेपद मिळवलं.

अमेरिकेत कॉलेजच्या संघात नेमकं काय मिळतं? फी, राहणं, जेवण, प्रशिक्षक, फिजिओ हे तर आहेच. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एकटेपणा जातो. दुहेरीच्या तीन लढतींचा मिळून एक गुण, मग एकेरीच्या सहा लढतींचा प्रत्येकी एक. जो संघ आधी चार गुण करेल तो जिंकला. शेजारशेजारच्या कोर्टांवर लढती एकाच वेळी चालू असतात. पलीकडच्या कोर्टावरून सोबतीण ओरडते, तेव्हा आपला 30-40 चा गुण एकटीचा राहत नाही. दडपणाखाली खेळायची सवय अशी रोज लागते, आणि बाविसाव्या वर्षी पदवी हातात असते.

हा काही दानधर्म नव्हे. कित्येक मोठ्या विद्यापीठांत अमेरिकन फुटबॉलच्या कमाईवर इतर खेळांचा खर्च भागतो. नियमही जाचक होते: बक्षिसाची रक्कम घेण्यावर मर्यादा होत्या, म्हणून 2024 मध्ये नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाची टेनिसपटू रीस ब्रँटमायर न्यायालयात गेली. पण त्या व्यवस्थेतला एक कायदा मला सर्वांत मोलाचा वाटतो. 1972 च्या 'टायटल नाइन'ने सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलामुलींत भेद करण्यास बंदी घातली. त्यात खेळाचा शब्दही नाही. तरी पुढे त्याचाच आधार घेत मुलींच्या खेळांना जागा मिळत गेल्या. वर्षानुवर्षं वरच्या श्रेणीतल्या कॉलेजांत मुलींच्या टेनिस संघाला 8 पूर्ण शिष्यवृत्त्या असत, मुलांच्या संघाला 4.5. त्या मर्यादा 2025 पासून बदलल्या आहेत, पण तोवर कितीतरी मुली त्या दारातून पुढे गेल्या.

आपल्याकडे हे बोलायलाच हवं. 2011 च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या 1,000 मुलग्यांमागे 842 मुली होत्या. जिथे मुलीच्या जन्मालाच जागा अपुरी, तिथे तिच्या खेळासाठी घरातला पैसा शेवटी निघणार, हे सांगायला कोणी तज्ज्ञ नको. म्हणून तो पैसा घराबाहेरून यायला हवा.

सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठाचा विद्यार्थी दक्षिणेश्वर सुरेशने डेव्हिस कपमध्ये स्वित्झर्लंडच्या जेरोम किमला हरवलं. शिकत असताना देशासाठी खेळता येतं, एवढं तरी त्यातून दिसलं. आणि ही वाट अमेरिकेतूनच जायला हवी असं नाही. पण आज आपल्याकडे विद्यापीठाचा संघ म्हणजे बहुतेक वेळा आंतरविद्यापीठ स्पर्धेआधीचं थोड्या दिवसांचं शिबिर, एक ट्रॅकसूट आणि टीए-डीए. स्पर्धा संपली की संघही संपला. मग हजेरी भरत नाही म्हणून पोरं खेळ सोडतात, नाहीतर कॉलेज.

खरं तर हजेरीचा प्रश्न सोडवायचं साधन हातात आलं आहे. 2021 पासून 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' आहे. मिळवलेले श्रेयांक सात वर्षांपर्यंत जमा राहू शकतात, मधे थांबून परत येता येतं. एखादी मुलगी एक सत्र शिकेल, पुढचं सत्र स्पर्धांना देईल, परत येऊन पदवी पुरी करेल. आपण ही सोय अडलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे असं समजतो. मला ती खेळाडूंसाठीच बनल्यासारखी वाटते.

1990 मध्ये स्थापन झालेलं जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांचं आहे. त्याने चार खेळाडूंपासून सुरुवात करावी, त्यांत निदान दोन मुली असाव्यात. वर्षभराचा एक प्रशिक्षक, गटिंगचं यंत्र, भारतात होणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांचा प्रवासखर्च, आणि परीक्षा नि स्पर्धा एकाच आठवड्यात आल्या तर परीक्षा नंतर घेण्याचं लेखी आश्वासन. पुढच्या अंदाजपत्रकात यासाठी स्वतंत्र तरतूद करा, अशी मागणी पालकांनी आणि माजी खेळाडूंनी आतापासूनच अधिसभेच्या सदस्यांकडे लावून धरावी.