मीठ, गूळ आणि एक्सेल

सामाजिक संस्था दिसली की आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचे हात शिवशिवतात. ‘अजून वहीत लिहिता? थांबा, अ‍ॅप करून देतो.’ मीही पुण्यातल्या एका छोट्या संस्थेसाठी शनिवार-रविवारी हेच करतो. पण संस्था ‘परिणामकारक’ झाली म्हणजे नक्की काय झालं आणि ते कुणी ठरवायचं, हे कोड लिहून सुटत नाही.

बांगलादेशातल्या ‘ब्रॅक’चं उदाहरण घ्या. फजले हसन अबेद यांनी १९७२ मध्ये उभी केलेली संस्था. जुलाबाने मुलं दगावत होती आणि औषध तर घरातच होतं: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. १९८० पासून दहा वर्षं ब्रॅकच्या कार्यकर्त्या घरोघरी जाऊन आयांना हे शिकवत होत्या. सुमारे १ कोटी २० लाख घरं झाली. त्यांचा पगार कसा ठरायचा ते बघा. किती घरं केली यावर नाही, आईच्या किती लक्षात राहिलं यावर. काही दिवसांनी दुसराच माणूस निवडक घरांत जाऊन आयांना प्रश्न विचारायचा आणि उत्तरांवरून कार्यकर्तीचे पैसे ठरायचे. खोट्या आकड्यांना वावच नाही. असं मोजमाप आमच्या ऑफिसातही नाही!

तरीही घोळ झाला. आयांना सगळं पाठ होतं, पण मुलाला जुलाब झाले की पाणी पाजणाऱ्या थोड्याच. कारण शोधायला लोक गेले तेव्हा कळलं, खुद्द काही कार्यकर्त्यांचाच त्या पाण्यावर विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्या गोळ्या घेत. शिवाय घरातल्या पुरुषांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. मग पद्धत बदलली. कार्यकर्त्यांना हे पाणी नेमकं काय करतं ते नीट समजावलं, पुरुषांशी बाजारात, मशिदीत बोलणं सुरू झालं.

यात त्या बायकांना दोष द्यावा, असं मला वाटत नाही. स्मरणशक्तीचे पैसे दिले, स्मरणशक्ती मिळाली. आमच्याकडेही सगळ्या टेस्ट पास होतात आणि फीचर कुणी वापरत नाही. फरक एवढाच की आम्ही जुनं व्हर्जन परत टाकतो. गावातल्या आईला ती सोय नसते.

म्हणून मला खरा नैतिक प्रश्न देणगीदाराचा वाटतो. ब्रॅकला ‘हे चालत नाहीये’ म्हणता आलं. मी जिथे जातो तिथल्या ताई वस्तीत अभ्यासिका चालवतात. देणगीदाराच्या शीटमध्ये ‘उपस्थिती’ हा रकाना आहे. मुलं येतात, पण वाचत नाहीत. त्यांना संध्याकाळी वर्गापेक्षा एकेकट्याशी बोलणारं माणूस हवंय, असं ताईंचं मत. तसं केलं तर मुलं निम्मीच घेता येतील. आकडा पडेल, पुढच्या वर्षीचे पैसे धोक्यात. मग त्या उपस्थिती भरतात.

‘संस्थांनी लवचिक व्हावं’ असं सेमिनारमध्ये सांगणं सोपं आहे. लवचिक होण्याची किंमत मात्र ज्याच्याकडे सर्वांत कमी पैसे आहेत त्यानेच भरायची, हे मला पटत नाही. अर्थात आकडेच नकोत, मन चांगलं आहे ना, हेही नको. वाचता न येणाऱ्या पोराला आपल्या चांगल्या मनाचा काय उपयोग?

सध्या मी त्या शीटला एक रकाना जोडलाय: ‘काय जमलं नाही आणि म्हणून काय बदलतोय’. देणगीदाराकडे तो पाठवायचा की नाही, ते ताई ठरवणार आहेत. पगार त्यांचा जाईल, माझा नाही.