दोन बोटं कमी पडलेली दोरी



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय ९.

दामोदर लीलेचं चित्र तुम्ही कुठेतरी पाहिलंच असेल. १८ व्या शतकातल्या पहाडी चित्रांत हा प्रसंग पुन्हा पुन्हा येतो. फुटलेलं मडकं, उखळ, हातात दोरी घेतलेली यशोदा. आपली नजर लगेच कान्हाकडे जाते. काल मी मुद्दाम यशोदेकडे बघत बसलो.

अध्याय नीट वाचा. दासी दुसऱ्या कामात आहेत, म्हणून ती स्वतः दही घुसळतेय. बाळाला पाजायला घेतलं, तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू जायला लागलं. त्याला खाली ठेवून ती धावली. मग मडकं फुटलं, पाठलाग झाला, बांधायला गेली तर दोरी दोन बोटं कमी! कितीही जोडली तरी दोन बोटं कमीच.

देवाला खाली ठेवून दुधाकडे धावली, हे तिचं चुकलं का? मला नाही वाटत. बाळ तिचंच, चूलही तिचीच, आणि हात दोनच.

आमच्या महाडकडे हिरकणी सगळ्यांना माहीत. लोककथा सांगते, ती रायगडावर दूध विकायला गेली, संध्याकाळी दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून अंधारात कडा उतरली. शिवाजी महाराजांनी तिचा सन्मान केला, तिथे बुरूज बांधला. पोलादपूरला लहानपणी ही गोष्ट ऐकताना अंगावर काटा यायचा. पण तिच्यावर कडा उतरायची वेळ का आली, हे मी कधी विचारलं नाही. आईला "तू आमची हिरकणी" म्हणायचो आणि जेवलेलं ताट तिथेच ठेवून उठायचो.

गेल्या महिन्यात बाळ रडत होतं, कुकरच्या शिट्ट्या चालू, बायको एकटी. मी हेडफोन लावून कॉलवर. कॉल संपल्यावर म्हणालो, "तू खरंच ग्रेट आहेस."
ती म्हणाली, "ग्रेट राहू दे, आधी बाळाला घे."

भागवत सांगतं, आई घामाघूम झालीय, केसांतली फुलं गळलीयत, हे कृष्णाने पाहिलं आणि स्वतःच बांधून घेतलं. त्याने तिचं कौतुक केलं नाही. तिची दमणूक पाहिली आणि थांबला.

आजची साधना छोटीशी: घरात कोण दमलंय ते बघा, आणि सांगायच्या आधी एक काम उचला. उद्याही.

राम कृष्ण हरी.