मनीचा अपराध

काही प्रश्न इतके क्षुल्लक असतात, की नीतिशास्त्राच्या ग्रंथांत त्यांना जागा मिळत नाही. सेमिनरीत आम्ही अनेक वर्षे नीतिशास्त्राचा अभ्यास केला. युद्ध, व्याज, शपथ, मालमत्ता अशा विषयांवर पाने भरून उत्तरे लिहिली. परंतु घरातील म्हातारी मांजर ठरलेली जागा सोडून भलतीकडे घाण करू लागली, तर तिच्याशी कसे वागावे, हे आम्हांला कोणत्याही प्राध्यापकांनी विचारले नाही. तो प्रश्न मला लासूर स्टेशनच्या एका घरात विचारला गेला, आणि मी दिलेले उत्तर चुकले. त्या चुकलेल्या उत्तराविषयी हे चार शब्द.

लासूर स्टेशन हे गंगापूर तालुक्यातील, मनमाडहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरील बाजारपेठेचे गाव. जिथे धान्य तिथे उंदीर, आणि जिथे उंदीर तिथे मांजर, हा तेथील साधा हिशोब आहे. मी सांगतो ते घर आडत दुकानातील एका दिवाणजींचे. पती-पत्नी, दोन मुलगे, दिवाणजींची ऐंशी ओलांडलेली आई, आणि मनी. बाजरीची आणि मक्याची पोती राखण्यासाठी आणलेली मनी चौदा वर्षे त्या घरात राहिली होती. गच्चीवर पत्र्याच्या आडोशाला, फळांच्या एका लाकडी पेटीत वाळू भरून ठेवलेली असे. मनी तिथे जाई आणि वाळू उकरून सारे नीट झाकून येई. सूनबाई कौतुकाने म्हणत, "आमच्या मनीला माणसापेक्षा जास्त कळतं."

गेल्या उन्हाळ्यात हे कौतुक संपले. मनी जिन्याखाली, पोत्यांच्या मागे, शेवटी सूनबाईंच्या अंथरुणाशेजारी लघवी करू लागली. मी घरभेटीला गेलो त्या संध्याकाळी सूनबाईंचा संयम सुटला होता. "फादर, दिवसातून तीन तीन वेळा फरशी पुसते मी. मुद्दाम करते ती. परवा ओरडले, तर दुसऱ्या दिवशी माझ्याच उशापाशी येऊन केलं." दिवाणजी म्हणाले, "रविवारी पोत्यात घालतो आणि शिवना नदीपलीकडे सोडून येतो. त्यात पाप तर नाही ना, फादर?"

चहाचा कप खाली ठेवत मी म्हणालो, "जनावरच ते. घरातल्या माणसांचं आरोग्य आधी."

निघताना मी ओट्यावर बसलेल्या आजींना नमस्कार केला. त्यांच्यासाठी ठेवलेला चहा तसाच होता आणि शेजारचा तांब्या काठोकाठ भरलेला. "एवढ्या उन्हाचं पाणी तरी प्या, आजी," मी म्हणालो. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पाणी कमी केलंय मी, फादर. रात्री अंगणापल्याड जाववत नाही. मनीचं ऐकलं ना तुम्ही आत्ता?"

त्या वाक्यात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच मला त्या रात्री झोप आली नाही. मी मांजरीविषयी निकाल दिला होता, आणि तो ओट्यावर बसलेल्या एका वृद्धेने स्वतःला लावून घेतला होता. शनिवारी सकाळी मी पुन्हा त्या घरी गेलो. माझे उत्तर चुकले असे त्यांना सांगितले, आणि मनीला आधी पशुवैद्याकडे नेण्याची विनंती केली.

पशुवैद्यांनी तपासले तेव्हा मनीची मागची हाडे आखडलेली निघाली आणि मूत्रपिंडे दुर्बल झालेली. म्हाताऱ्या मांजरींत हे मुळीच दुर्मीळ नाही. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा वर्षांवरील १०० मांजरांची क्ष-किरण चित्रे पाहण्यात आली. त्यांतील ९० मांजरांच्या सांध्यांत झीज आढळली. मांजर लंगडत नाही, विव्हळत नाही. ती फक्त उडी मारणे कमी करते, म्हणून तिची वेदना घरच्यांच्या ध्यानात येत नाही. मूत्रपिंडे थकली की लघवी पातळ होते आणि वारंवार होते. मधुमेह, गळ्यातील थायरॉईड ग्रंथीचा विकार, मूत्रमार्गाचा दाह, मंदावलेली दृष्टी आणि विस्कटलेली स्मृती यांपैकी काहीही अशा वागण्यामागे असू शकते. पेटीत बसताना एकदा दुखले की मांजर त्या पेटीलाच दुखण्याचे कारण समजते आणि दुसरी जागा शोधते. मनीला तर गच्चीचे चौदा पायऱ्यांचे चढण होते, आणि वर पोहोचल्यावर पेटीची वीतभर उंच कड ओलांडायची होती. तिने आपला नेम मोडला नव्हता. तो पाळणे तिच्या आवाक्याबाहेर गेले होते.

येथे मला आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांकडून पाठ करून घेतो त्या तीन अटी आठवल्या. पाप गंभीर ठरण्यासाठी विषय गंभीर असावा लागतो, कर्त्याला त्याची पूर्ण जाणीव असावी लागते, आणि त्याने जाणूनबुजून संमती दिलेली असावी लागते. संत थॉमस अक्वायनस यांनीही माणसाने बुद्धी आणि इच्छा यांच्या बळावर केलेली कृती आणि त्याच्याकडून केवळ घडून गेलेली कृती यांत भेद केला आहे. झोपेतील बडबड, तापातील कण्हणे, म्हातारपणी ओले झालेले अंथरूण, हे सारे दुसऱ्या प्रकारात मोडते. जनावराला तर पापाची भाषाच लागू पडत नाही. असे असूनही "मुद्दाम करते" हा शब्द आपल्या ओठांवर इतक्या सहजतेने का येतो?

मला वाटते, तो शब्द आपल्याला मोकळे करतो, म्हणून येतो. समोरचा जीव आजारी आहे असे मानले, तर आपल्यावर सेवेचे ऋण येते. तो अपराधी आहे असे मानले, की शिक्षेचा अधिकार मिळतो. पोते आणि नदीपलीकडचा काठ हा त्या अधिकाराचाच पुढचा टप्पा. आयुष्यभर घराच्या छपराखाली राहिलेल्या म्हाताऱ्या मांजरीला अनोळखी रानात सोडणे म्हणजे तिला भुकेच्या आणि कुत्र्यांच्या स्वाधीन करणे होय. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही जनावराला उपासमार होईल अशा रीतीने वाऱ्यावर सोडून देणे हा गुन्हा ठरवला आहे. ज्या घरात मनीला अपराधी ठरवले गेले, तेथे गुन्हा घडणार होता तो माणसांच्या हातून, आणि त्याला संमती होती माझी.

कुणी म्हणेल, मांजर ती मांजर आणि आई ती आई. दोघींना एका पंक्तीला बसवणे हा मातृत्वाचा अवमान आहे. आक्षेप रास्त आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथाने या बाबतीत दोन्ही बाजू सांभाळल्या आहेत. प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, असे तो सांगतो. त्याचबरोबर, माणसांच्या दुःखनिवारणासाठी जो पैसा आधी खर्च व्हायला हवा तो प्राण्यांवर उधळणेही शोभत नाही, असेही बजावतो. मी चहाच्या कपासोबत दिलेल्या उत्तरात या शिकवणीचा अर्धाच भाग होता, आणि तोही निमित्त म्हणून वापरलेला. माणसांचे आरोग्य आधी, असे मी म्हणालो खरे. परंतु त्याच घरातील एक माणूस तहान मारून बसले आहे, याची मला खबरही नव्हती.

घरातील दुबळ्यांना वेगवेगळी शाळा नसते. अक्वायनस यांचे म्हणणे असे होते, की जनावरांशी क्रूरपणे वागण्याची सवय माणसांशी क्रूरपणे वागण्याकडे नेते. लासूरच्या त्या ओट्यावर मला याची दुसरी बाजू दिसली. दुर्बळ माणसे आपल्या वाट्याला पुढे काय येणार, हे घरातील जनावराच्या वाट्याला आलेल्या वागणुकीवरून ओळखतात. बेन सिरा या ज्ञानी पुरुषाच्या ग्रंथात वृद्ध पित्याची बुद्धी क्षीण झाली तरी त्याला समजून घ्यावे, असा उपदेश आहे, आणि पदरी जनावरे असतील तर त्यांची निगा राखावी, असेही त्याच ग्रंथात सांगितले आहे.

दक्षिणेतील श्रीवैष्णव परंपरेत ईश्वरी कृपेविषयी दोन न्याय सांगतात. माकडाचे पिल्लू आईला आपल्या बळाने घट्ट धरून राहते, तो मर्कटन्याय. मांजरीचे पिल्लू काहीच धरत नाही. आईच त्याला तोंडात उचलून नेते, तो मार्जारन्याय. वार्धक्य हा बहुधा पहिल्या न्यायातून दुसऱ्या न्यायाकडे होणारा प्रवास असावा. धरण्याची शक्ती जाते आणि उचलले जाण्याची वेळ येते. जी मांजर आपली पिले तोंडात धरून पोत्यांमागे नेत असे, तिलाच आता कुणीतरी उचलायचे होते.

मात्र करुणेचा उपदेश करताना एक गोष्ट मी विसरलो होतो: फरशी कोण पुसते? सूनबाई क्रूर नव्हत्या, दमलेल्या होत्या. मांजरीची घाण, मुलांचे डबे, सासूबाईंची औषधे, सारे त्यांच्याच दोन हातांवर. हद्दपारीचा निर्णय घेणाऱ्या दिवाणजींनी एकदाही फडके हातात घेतले नव्हते, आणि मी तर फक्त चहा घेतला होता. दयेचे काम एकटीच्या माथी मारले, की तिची दया आटते आणि दोषही तिलाच लागतो. म्हणून त्या शनिवारी आम्ही आधी कामाची वाटणी ठरवली. वाळू दिवाणजी बदलतील, फरशी थोरला मुलगा पुसेल.

उपाय साधेच होते. गच्चीवरची पेटी मोडीत काढली. कमी कडेचे एक जुने घमेले वाळू भरून जिन्याखाली ठेवले, दुसरे पोत्यांच्या कोपऱ्यात. वाळू रोज उपसायची, लघवीचे डाग साबणाच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचे, कारण वास राहिला तर मांजर त्याच्या मागाने परत तिथेच येते. घरात फिनेल वापरले जात होते, ते पशुवैद्यांनी बंद करायला लावले. त्यातील द्रव्ये मांजरीचे यकृत निष्प्रभ करू शकत नाही, आणि पंजे चाटताना ती तिच्या पोटात जातात. त्याच कारणाने माणसांची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजरीच्या जिवावर बेतू शकते, म्हणून सांधेदुखीवर घरगुती औषध द्यायचे नाही, असेही त्यांनी बजावले. नाक घासणे, मारणे, ओरडणे यांनी मांजर शिकत नाही, फक्त लपून करू लागते. आणि बोका वारंवार बसूनही लघवी होत नसेल, तर उद्याची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मूत्रमार्ग तुंबला तर थोड्याच काळात प्राण जातो.

या साऱ्याने मनी तरुण झाली नाही. थकलेली मूत्रपिंडे पूर्ववत होत नाहीत. आठवड्यातून एखादे वेळी तिचे घमेले हुकायचेच, आणि थोरला कुरकुरत फडके उचलायचा. पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात ती पोत्यांशेजारी, झोपेतच गेली.

दरम्यान त्या घरात आणखी एक वस्तू आली होती. मनीसाठी घमेले जिन्याखाली आणताना दिवाणजी अंगणाच्या टोकाकडे, आईच्या संडासाच्या दोन उंच पायऱ्यांकडे पाहत थोडा वेळ थांबले होते. पुढच्याच आठवड्यात ते शहरातून कमोडची खुर्ची घेऊन आले आणि आईच्या खाटेजवळ ठेवली. गाजावाजा झाला नाही. मांजरीवर झालेल्या खर्चाहून या खुर्चीचा खर्च मोठा होता, आणि तो खरे तर आधीच व्हायला हवा होता.

पोळ्यानंतर मी गेलो तेव्हा आजी ओट्यावरच होत्या. पाणी आणू का, असे मी विचारले. "आत्ताच प्याले," त्या म्हणाल्या, आणि जिन्याखालच्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहत राहिल्या.

वाचकहो, आपल्या घरातील एखादा म्हातारा जीव ठरलेला नेम मोडू लागला, तर निकाल देण्यापूर्वी त्याची जागा किती दूर आहे आणि तिची कड किती उंच आहे, एवढे एकदा वाकून पाहावे. मी ते पाहिले नव्हते.