खेपांची वही

पत्रकारितेचा कोर्स करणारी मुलं भेटली की विचारतात, या क्षेत्रात भवितव्य आहे का? त्यांच्या डोळ्यांसमोर मुंबईतला स्टुडिओ असतो. मला आठवतो तालुक्याचा वार्ताहर.

मी जिल्हा डेस्कवर होतो तेव्हाची गोष्ट. भर उन्हाळ्यात आमच्या एका वार्ताहराने टँकरच्या खेपांची वही मिळवली. रोज तीन खेपा, प्रत्येकीपुढे गावातल्या बाईची सही. पंधरा दिवसांच्या सह्या एकाच शाईच्या, एकाच वळणाच्या. त्यातली एक सही ज्या बाईची म्हणून होती, ती अंगठा करते. हे त्याला ठाऊक होतं, कारण तिच्या रेशनकार्डाची बातमी त्यानेच दिली होती. ही नजर कुठल्या वर्गात शिकवता येत नाही. एकाच तालुक्यात वर्षानुवर्षं फिरावं लागतं. बातमी पहिल्या पानावर लागली.

त्याच माणसाला वर्धापनदिन पुरवणीसाठी जाहिरातींचं टार्गेट होतं. मानधन पेट्रोललाही पुरत नव्हतं, घर चालायचं ते जाहिरातींच्या कमिशनवर. आणि तालुक्यात जाहिरात देणार कोण? साखर कारखाना, पुढारी, ठेकेदार. म्हणजे ज्यांना प्रश्न विचारायचे, त्यांच्याच दारात पावतीपुस्तक घेऊन जायचं.

पत्रकारांच्या धैर्याच्या गोष्टी आपल्याकडे कमी नाहीत. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली टिळक आणि आगरकर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते. पुढे मतं जुळेनात तेव्हा आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. दर ६ जानेवारीला, ‘दर्पण’च्या आठवणीने, आपण या धैर्याचे गोडवे गातो. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध विधिमंडळाने २०१७ मध्ये कायदाही केला. तो हवाच होता. पण अंगावर येणारी काठी कायद्याने अडवता येते, पुढ्यात आलेली जाहिरात नाही. म्हणून मी मुलांना सांगतो, नोकरीला जाताना पगाराच्या आधी विचारा, जाहिराती आणाव्या लागतील का? ‘हो’ म्हणाले तर तिथे बातमीदारी होणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

त्या वर्षीच्या पुरवणीत टँकरच्या ठेकेदाराची अर्ध्या पानाची रंगीत जाहिरात होती. ती आमच्या वार्ताहरानेच आणली होती. पुढच्या उन्हाळ्यात त्याने वहीचा विषय काढला नाही, आणि डेस्कवरून मीही त्याला विचारलं नाही.