ताप कधी आला, ते आधी सांग

रिपोर्ट माझ्यासमोर नाचवू नकोस. ‘डेंग्यू निगेटिव्ह’ हे मलाही वाचता येतं. रक्त कधी दिलंस? ताप चढल्याच्या दुसऱ्या दिवशी! आणि एवढ्या कागदावर विसंबून उधन्याच्या लूम खात्यात रातपाळीला उभा राहिलास? आठवीत विज्ञानाच्या तासाला मी घसा कोरडा केला तो कशासाठी?

ऐक. लॅबवाल्याने ज्या कार्डावर तुझं रक्त तपासलं, ते कार्ड विषाणू शोधत नाही. विषाणूविरुद्ध तुझ्या शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी शोधतं, आणि त्या बनायला दिवस लागतात. त्यांतली आयजीएम सापडू लागते साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापासून. दुसऱ्या दिवशी ती येणार कुठून? तेव्हा एनएस-१ बघायचं असतं. ते विषाणूचं स्वतःचं प्रथिन, पहिल्या दिवसापासून मिळू शकतं. तू मात्र लॅबमध्ये म्हणालास, “कोणतंही एक करा.” कोणतंही एक!

आईची आयजीजी पॉझिटिव्ह आली, तर तिला सलाइन लावायला निघालास. तिला ताप तरी आहे का? आयजीजी ही दुसरी अँटिबॉडी, ती वर्षानुवर्षं रक्तात राहते. पूर्वी कधीतरी डेंग्यू होऊन गेला, बहुधा एवढाच तिचा अर्थ. पण डेंग्यूचे प्रकार चार. पुढे वेगळ्या प्रकाराने गाठलं तर दुखणं जास्त बिकट होऊ शकतं, म्हणून आईला जप.

सरकारी रुग्णालयातली एलायझा चाचणी तुला नको, कारण थांबावं लागतं. त्याच चाचणीची पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेची किट देशभर जातात, ती काय उगाच? प्लेटच्या खाचेत तुझ्या रक्तातली आयजीएम अडकवतात, वर डेंग्यूचं प्रतिजन सोडतात. त्यातली आयजीएम डेंग्यूविरुद्धची असेल तरच ते धरून राहतं, नाहीतर धुऊन जातं. धरून राहिलं तर रंग उमटतो, यंत्र तो मोजतं. इतकी नेटकी चाचणी, पण रक्तच फार लवकर दिलं तर तीही निगेटिव्हच येणार.

आज तापाचा सहावा दिवस. ताप उतरला म्हणून खूश आहेस? अरे, ताप उतरतानाच रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपू लागण्याचा धोका असतो. पोट दुखतंय? उलट्या होतात? हिरड्यांतून रक्त येतं? मान खाली घालू नकोस, उत्तर दे. आणि अंगदुखीवर खातोस ते ब्रुफेन आधी फेक, त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

ऊठ, सिव्हिलला चल. प्लेटलेट आणि हिमॅटोक्रिट आजच मोजायचं, आयजीएमसाठी पुन्हा रक्त द्यायचं. आणि केसपेपर काढताना ताप आल्याची तारीख स्वतः सांगायची, कोणी विचारायची वाट बघायची नाही.