आढळले नाही

माझ्या पोटात बहिणीचे मूत्रपिंड आहे. शरीराने ते परके म्हणून नाकारू नये यासाठी टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन रोज चालू असते. नोकरी रसायनीत, हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सच्या (एचओसी) प्रयोगशाळेत झाली. ॲनिलिनच्या नमुन्यात नायट्रोबेंझिन दिसले नाही, तर आम्ही शून्य लिहीत नसू. ‘आढळले नाही’ लिहायचे आणि शेजारी यंत्राची शोधमर्यादा द्यायची.

गेल्या पावसाळ्यात खोकला लागला. ताप नव्हता. मोहोपाड्यात केलेली फ्लूची पट्टीची चाचणी निगेटिव्ह आली आणि घरच्यांना हायसे वाटले. मुंबईच्या डॉक्टरांनी मात्र त्याच दिवशी फ्लूवरचे औषध ऑसेल्टामिवीर सुरू केले. पुढे नाकातल्या स्वॅबचा आरटी-पीसीआरही निगेटिव्ह आला. तरी त्यांनी दुर्बीण घालून फुप्फुसातले धुवण काढले. त्यात इन्फ्लुएंझा सापडला.

निवृत्तीनंतर दर्शनशास्त्र वाचतो, म्हणून कुमारिल भट्ट आठवले. जमिनीवर घट दिसत नाही, यावरून तो तिथे नाही हे कळते. या न दिसण्याला, अनुपलब्धीला, त्यांच्या परंपरेतले भाट्ट मीमांसक स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, मानतात. नैयायिकांना ते वेगळे प्रमाण मान्य नाही. पण अट दोघांचीही एकच: घट असता तर दिसलाच असता, अशी स्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घट न दिसल्याने काहीच सिद्ध होत नाही.

माझे शरीर ही तशी खोली आहे. ताप आणते ती विषाणूशी झुंजणारी प्रतिकारशक्ती, आणि तीच मी गोळ्यांनी दाबून ठेवली आहे. पट्टीला विषाणू भरपूर लागतो. पीसीआरला अगदी थोडा पुरतो, पण तो स्वॅबवर आला तर. फुप्फुसात उतरलेला विषाणू नाकात सापडेलच असे नाही.

मग निश्चित ज्ञान नसताना कृती करावी का? ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने पुण्यात देशातला पहिला बळी घेतला, नायडू रुग्णालयापुढे तपासणीसाठी रांगा लागल्या. तेव्हा सरकारी मार्गदर्शक सूचनांनी ठरवले की मूत्रपिंडाचे रुग्ण, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे अशा जोखमीच्या लोकांना फ्लूची लक्षणे दिसताच, चाचणी न करता ऑसेल्टामिवीर द्यावे. मला तो निर्णय तर्काला धरून वाटतो. संशय फिटेपर्यंत थांबलो तर त्याची किंमत रुग्ण मोजतो, आणि हे औषध पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक उपयोगी पडते.

प्रत्यारोपण झालेल्या माझ्या बंधुभगिनींनो, साधा खोकला आला तरी ताप येण्याची वाट पाहू नका. आपल्या प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा. फ्लूची टोचायची लस दरवर्षी घ्या, आणि घरच्यांनाही घ्यायला लावा.