कृतज्ञतेचे आसन

सज्जनहो, ‘कृतज्ञ’ हा शब्द आपण आभारापुरता वापरतो; पण तो फोडून पाहा. कृत म्हणजे केलेले, ज्ञ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी दुसऱ्याने केलेले जो जाणतो तो कृतज्ञ. जाणणे आधी, बोलणे मागाहून. आणि जाणणे हे तर ध्यान करणाराचे मुख्य काम!

गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी योग्याचे आसन सांगितले आहे. जागा शुद्ध असावी, फार उंच नाही, फार सखल नाही. वर दर्भ, मृगाजिन आणि वस्त्र. येथे आम्ही श्रोत्यांस विचारतो, बाबांनो, ती जागा झाडली कोणी? दर्भ कोणी कापला? वस्त्र कोणी विणले? योगी एकटा बसला खरा, पण बसला तो चार जणांच्या कष्टांवर.

आमच्याकडे एक गृहस्थ येत. पहाटे चारला प्राणायामास बसायचे, नेम कधी चुकला नाही. एकदा म्हणाले, “बुवा, सून भांडी वाजवते, चित्त लागत नाही.” आम्ही म्हटले, “अहो, तुमच्याआधी उठून ती पाणी तापवते ते कोणासाठी? भांडे वाजले की तेवढेच ध्यानात आणा.” त्यांना ते रुचले नाही. दोन महिने फिरकले नाहीत.

पतंजलींनी पाच नियम सांगितले : शौच, संतोष, तप, स्वाध्याय, ईश्वरप्रणिधान. यात कृतज्ञता कोठे, असे कोणी विचारील. आम्हांस वाटते, ती संतोषाच्या पोटात आहे. मिळाले ते कोणाच्या हातून आले हे दिसत नाही, त्याला मिळालेले कमीच वाटते. हल्ली काही मंडळी रोज रात्री वहीत उपकार लिहून काढतात. आम्ही हसत नाही हो! माणूस घरातलेच असेल तर वहीच्या आधी त्याला सांगावे, इतकेच.

माउलींचा योगातला अधिकार केवढा! कुंडलिनीचे निरूपण त्यांनी मराठीत केले, आणि श्रेय सारे निवृत्तिनाथांच्या पायी घातले. ग्रंथाच्या शेवटी शके १२१२ चा उल्लेख येतो, तेथेच लेखक सच्चिदानंदबाबांचे नाव आहे. बसून लिहून घेणाराही सातशे वर्षांवर ग्रंथासोबत चालत आला.

वारीत मुक्कामाच्या घरची बाई रात्री किती जणांच्या भाकरी थापते! पहाटे निघताना आपण वीणा, पखवाज, पताका, पडशी सगळे मोजून घेतो. तिला हाक मारावी, वाकून नमस्कार करावा, मग पाऊल उचलावे. चोपदार तेवढे थांबतील.